सावलीचं ताट

१९ एप्रिल, शोवा सन ३३. ढगाळ.

ही वही योशिनोने दिली. मार्चमध्ये गाडी सुटताना तिने ती खिडकीतून माझ्या हातात कोंबली आणि म्हणाली, "रोज लिहीत जा, नाहीतर एकटीने वेडी होशील." आमच्या वर्गातली अकरा मुलं त्या एकाच गाडीने तोक्योला कामाला गेली. कोणी सूतगिरणीत, कोणी काचेच्या कारखान्यात. फलाटावर बँड वाजत होता आणि सगळ्यांच्या आया रडत होत्या. माझी आई रडत नव्हती, कारण मी कुठेच जाणार नव्हते. वर्गातली बारावी मी होते.

रोज लिहिण्यासारखं इथे काही घडत नाही. म्हणून वही कोरी राहिली होती. आता घडलं आहे, तर लिहिते.

दादाला जाऊन आज सतरा दिवस झाले. आदल्या संध्याकाळी त्याचं आणि आईचं भांडण झालं. त्यालाही तोक्यो हवं होतं. वीस वर्षांचा झालो, इथे मरेपर्यंत माकुळच वाळवत बसू का, असं तो म्हणाला. आई म्हणाली, "जायचं तर जा, परत तोंड दाखवू नकोस." सकाळी तो एकटाच होडी घेऊन वाकामे, म्हणजे खायचं समुद्रशेवाळ, कापायला गेला. दुपारी होडी भूशिराच्या खडकांपाशी रिकामी सापडली. आत कापलेला वाकामे होता, विळा होता, जेवणाचा डबा न उघडलेला होता. पाणी उपसायचं ओगराळं तेवढं नव्हतं.

गाव म्हणतं, सेइजी बुडाला. आई म्हणते, तो पोहत काठाला लागला आणि रागारागाने तोक्योला गेला. मीही तेच म्हणते. दादासारखा पोहणारा आमच्या काराउरात दुसरा नाही.

तेव्हापासून आई सावलीचं ताट मांडते. घरातलं माणूस दूर असलं की त्याच्या जागी त्याचं ताट वाढायचं, म्हणजे तो असेल तिथे उपाशी राहत नाही. भात, मासा, मुळ्याचं लोणचं आणि झाकण घातलेला सुपाचा वाडगा. आमचं जेवण झालं की आई झाकण उचलून उलटं करते. आतून वाफेचे थेंब धरले असतील तर माणूस खुशाल. कोरडं निघालं तर नाही. त्यानंतर ते ताट मी संपवते, कारण अन्न टाकायचं नसतं. एक महिना झाला नाही तर माझे गाल वर आले आहेत.

आज झाकण कोरडं निघालं. सूप कोमट असेल, नाहीतर झाकण तिरकं बसलं असेल. आईने ते दारातल्या उजेडात धरून पाहिलं, मग बोट फिरवून पाहिलं. नंतर ती बादली घेऊन विहिरीवर गेली. बादली भरलेलीच होती.

२० एप्रिल. झिमझिम पाऊस.

आई भात काढायला वळली तेव्हा मी बोट पाण्यात बुडवून झाकणाच्या आत सहा-सात थेंब ठेवले. आईने पाहिलं, आणि जेवण झालं होतं तरी ती आणखी दोन वाडगे भात जेवली. सतरा-अठरा दिवसांत पहिल्यांदाच.

हे पाप आहे का, कोणाला विचारायचं? योशिनो म्हणाली असती, पाप कसलं, पाणीच तर आहे.

११ मे. ऊन.

योशिनोचं पत्र आलं. मी तिला लिहिलं होतं, दादा तोक्योत आहे, दिसला तर कळव. तिने उत्तर दिलंय, "मित्सुए, तू अक्कल गहाण टाकलीस का? आमच्या गिरणीच्या फाटकाबाहेरच रोज काराउराच्या दसपट माणसं फिरतात. आम्हाला महिन्यातून दोनदा सुट्टी. तरी सगळ्यांच्या पाठीकडे बघते, तुझा दादा पोक काढून चालतो ना म्हणून." पुढे तीन पानं भरून तिने जेवण कसं वाईट असतं ते लिहिलंय. शेवटी लिहिलंय की तिच्या खोलीत नऊ मुली झोपतात आणि एकीलाही समुद्र माहीत नाही.

मी पत्र चारदा वाचलं. मला त्या नऊ मुलींचा हेवा वाटला. इथे दिवसभरात माझ्याशी बोलणारी दोन माणसं. एक आई, जी बोलत नाही. दुसरा काका, जो फक्त ओरडतो.

१४ जून. धुकं.

दादा तोक्योला गेलेलाच नाही.

आठवडाभर यामासे सुटलाय. असा गार वारा की जूनमध्ये पुन्हा कापूस भरलेला अंगरखा काढावा लागला, आणि धुकं इतकं की वाळत घातलेले माकुळ आणखीच ओले होतात. दुपारी काकाने मला खाडीच्या टोकाच्या खोपटातून फाटकी जाळी आणायला पाठवलं. आत गेले तर जाळ्यांच्या ढिगामागे दादा उभा. अंगात त्या सकाळचंच निळं ठिगळाचं जॅकेट. बाहीतून पाणी ठिबकत होतं.

मी किंचाळलेसुद्धा नाही. मी म्हटलं, "कुठे होतास रे इतके दिवस?"

तो म्हणाला, "इथेच."

"घरी का नाही आलास?"

"आईने बोलावलं नाही."

बघा आता. आईचा मुलगा शोभतो. दोघं एकाच मातीचे, मोडतील पण वाकणार नाहीत. मी त्याला खूप समजावलं. आई रोज तुझं ताट मांडते, तुझी वाट बघते, चल माझ्याबरोबर. तो ऐकत होता की नव्हता, कळलं नाही. ढिगामागून बाहेर ये म्हटलं तर आला नाही. मग काकाने बाहेरून हाक मारली, आणि मी वळून परत पाहीपर्यंत तो मागच्या फटीतून निघूनही गेला होता. त्या फटीतून मांजर जाईल, पण तो लहानपणापासून सडपातळच.

कोणाला सांगणार नाही. सांगितलं तर काका त्याला मानगुटीला धरून घरी आणेल आणि मग तो खरंच तोक्योला निघून जाईल.

१७ जून. धुकं.

आज होता. मी तीन भाताचे गोळे नेले होते, आत खारवलेलं आंबट आलुबुखार घालून, त्याला आवडतं तसं. तो म्हणाला, "भूक फार लागते गं, मित्सु." मी गोळे जाळ्यांवर ठेवले. तो बघत राहिला.

"खा की."

"वास येतो. हाताला लागत नाही."

लहानपणी मी त्याचे वाटाणे चोरायचे, तेव्हा तो असंच नाटक करायचा. मी ते तिथेच ठेवून आले.

१८ जून. धुकं, दुपारी थोडं ऊन.

तो नव्हता. तिन्ही गोळे जसेच्या तसे. समुद्रपक्ष्यांनीही चोच लावली नव्हती. हट्ट म्हणजे किती असावा. मीच खाल्ले, खोपटात बसून, आणि मला रडू आलं.

२६ जून. धुकं.

मी आईला खडा टाकून पाहिला. म्हटलं, "दादा आला तर तू आधी बोलशील का?"

आई सूप ढवळत होती. "मी रोजच बोलते."

"कोणाशी?"

"ताटाशी." मग म्हणाली, "त्या संध्याकाळचं माझं बोलणं मी रोज परत घेते. तो तिकडे ऐकत नसेल तर मी काय करू?"

दादाला जाऊन हे सगळं सांगितलं. तो फक्त म्हणाला, "तिचा आवाज इथवर येत नाही." मी म्हटलं, "येणार कसा, अर्धा कोस लांब आहे." तो हसला. तीन महिन्यांनी तो हसला आणि मला इतकं बरं वाटलं की घरी येताना मी गाणं म्हणत आले. समोरच्या म्हातारीने विचारलं, लग्न ठरलं की काय.

आता मी धुक्याची वाट बघते. ऊन असलं की तो येत नाही, लोक बघतील म्हणून. गावात मी एकटीच अशी असेन जी सकाळी उठून आभाळ स्वच्छ दिसलं की हिरमुसते.

५ जुलै. ढगाळ.

काका आला आणि दारातच बसला. कान्जिरो काका बाबांचा धाकटा भाऊ, मोठ्या होडीचा तांडेल. त्याला हळू बोलता येत नाही, आयुष्यभर इंजिनावरून ओरडल्यामुळे.

"वहिनी, पितरांचा बोन आला. सेइजीचा पहिला बोन. ऑगस्टच्या सात तारखेच्या आत दारात खांब उभा राहायला हवा."

आईने हातातलं काम थांबवलं नाही. "खांब मेलेल्यांसाठी असतो, भावजी."

"मग मी काय लग्नाचा मांडव घालायला सांगतोय? तीन महिने झाले. नवा मेलेला माणूस आंधळ्यासारखा असतो. उंच खांबावर पांढरं निशाण आणि कंदील दिसला तरच त्याला आपलं घर कळतं. नाही दिसला तर कायमचा भटकत राहतो. भूशिरापाशी माझ्या खलाशांना काय काय ऐकू येतं, ते तुम्हाला सांगत नाही मी."

"माझा मुलगा तोक्योला आहे. ताटाच्या झाकणाला रोज थेंब धरतात. एक दिवस चुकलेला नाही."

काकाने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग गं हिला. तू तरी शिकलेली आहेस."

मी म्हटलं, "आई बरोबर बोलते. खांब लावायचा नाही."

काका उठला. "तुमच्या घरात बायकाच शहाण्या. पोरगं दाराबाहेर उभं आहे आणि ह्या कडी लावून आत बसल्यात." जाताना त्याने आमच्या पायरीवर ताज्या माशांची जुडी ठेवली. दर वेळी भांडून तो असं काहीतरी ठेवून जातो.

खांब लावला असता तर दादा ऐकून किती चिडला असता. जिवंत माणसाच्या दारात मेलेल्याचं निशाण. अपशकुनच तो.

रात्रीच्या जेवणात आईने मला एक गोष्ट सांगितली, जी तिने कधीच सांगितली नव्हती. बाबा लढाईवर गेले तेव्हाही ती ताट मांडायची. मी तेव्हा पाळण्यात होते. शेवटच्या वर्षी घरात तांदूळ उरला नाही, आणि एक दिवस तिने ताट मांडलं नाही. पुढच्या महिन्यात पांढऱ्या कापडात बांधलेला खोका आला. उघडला तर आत एक गोटा होता. हाडं नाहीत, केस नाहीत, कुठल्या तरी किनाऱ्यावरचा गोटा. "त्या एका दिवसाने ते गेले," आई म्हणाली. "पुन्हा मी रिकामा खोका घरात घेणार नाही."

मी म्हटलं, तसं काही नसतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी काल जन्मलेय असं.

१९ जुलै. दाट धुकं.

दादा आज म्हणाला, "होडीत ये. दोघं जाऊ."

मी विचारलं, कुठे. तो म्हणाला, "इथून लांब." मला वाटलं, तोक्यो. तिथून योशिनोची गिरणी किती लांब असेल? मी क्षणभरही विचार केला नाही. आईचाही नाही, हे लिहायला लाज वाटते. मी त्याच्या मागे खोपटाच्या पलीकडच्या उतारावरून पाण्यात गेले. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तेव्हा तो धुक्यातून म्हणाला, "होडीत पाणी भरतंय. उपसायला काहीतरी हवं. घरून ओगराळं आण."

मी म्हटलं, "आणते. थांब हं, जाऊ नकोस."

तो म्हणाला, "नाही जात. मी कुठे जाणार?"

मी धावत घरी आले. ओले कपडे पिळायलाही थांबले नाही. चुलीजवळचं ओगराळं खुंटीवरून काढलं, आणि हातात घेतलं तेव्हा आठवलं, आमची होडी तर काकाच्या अंगणात पालथी घातलेली आहे.

ओगराळं परत खुंटीला लावलं. बाकी उद्या लिहीन.

२९ जुलै. ऊन.

दहा दिवस वहीला हात लावला नाही.

काराउरातलं शेंबडं पोरही हे सांगेल. धुक्यात कोणी ओगराळं मागितलं तर ते द्यायचं नसतं. समुद्रात गेलेले मागतात. त्यांच्या हातात ओगराळं आलं की ते त्यानेच तुमच्या होडीत पाणी भरत बसतात, होडी बुडेपर्यंत. वाईट असतात म्हणून नाही, काका म्हणतो, एकटे असतात म्हणून. त्यासाठी प्रत्येक होडीत एक बिनबुडाचं ओगराळं टांगलेलं असतं. मागितलं की ते द्यायचं. तो भरत राहतो, पाणी खालून सांडत राहतं, आणि शेवटी त्याला आपण कोण आहोत ते कळतं.

हे मला वयाच्या चौथ्या वर्षापासून माहीत आहे. जूनपासूनच माहीत असायला हवं होतं. ओली बाही, न खाल्लेले गोळे, ढिगामागून कधीच न दिसलेले पाय. मला कळत नव्हतं असं नाही. मला कळून घ्यायचं नव्हतं.

आणि तो घरी का येत नाही, तेही आता कळलं. आईने बोलावलं नाही, असं तो पहिल्याच दिवशी म्हणाला होता. आई बोलावत नाही, कारण तिला तो जिवंत वाटतो. जिवंत वाटतो, कारण झाकणाला थेंब धरतात. ते थेंब मी ठेवते. जिवंताच्या नावाने वाढलेलं ताट मेलेल्याला पोचत नाही. मी त्याला चार महिने उपाशी ठेवलं आणि त्याच्या वाटचं स्वतः खाल्लं.

३ ऑगस्ट. धुकं.

काकाच्या होडीतून बिनबुडाचं ओगराळं काढून घेतलं. विचारून घेतलं नाही. खोपटात जाईपर्यंत मनात एकच होतं, आपल्या सख्ख्या भावाच्या हातात हे द्यायचं म्हणजे त्याच्या तोंडावर सांगायचं, तू मेलेला आहेस.

तो होता. म्हणाला, "किती वेळ लावलास."

त्याला वाटत होतं मी तेव्हाच परत आलेय.

मी ओगराळं पुढे केलं. हात पुरेसा लांब करता आला नाही, म्हणून जाळ्यांवर ठेवलं. त्याने ते उचललं. हे पहिलंच काहीतरी जे त्याच्या हाताला लागलं. त्याने ते वर धरलं आणि बूड नव्हतं तिथून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"असं आहे होय," तो म्हणाला.

मी म्हटलं, "दादा, मला माफ कर."

"तुझं काय चुकलं?"

मी त्याला झाकणाचं सांगितलं. तो ऐकत होता, या वेळी खरंच ऐकत होता. मग म्हणाला, "मित्सु, आईला सांग, मी तोक्योला निघालो नव्हतो. वाकामे भरून घरी येणार होतो. सकाळीच माझा राग उतरला होता. डबाही तिनेच भरून दिला होता, भांडण झालं तरी."

मी म्हटलं, सांगते.

"लवकर सांग. फार गार आहे इथे."

मी आईला सांगितलेलं नाही अजून. उद्या सांगीन. आजची रात्र तरी तिला झोपू दे.

४ ऑगस्ट. ढगाळ.

आई ओट्यावर माकुळ चिरत होती. मी समोर बसले आणि एका दमात बोलून टाकलं, नाहीतर धीर झाला नसता. "आई, झाकणातले थेंब मी ठेवत होते."

सुरी चालूच राहिली. "कुठलं झाकण?"

"दादाच्या ताटाचं. एप्रिलपासून."

तिने आणखी तीन माकुळ चिरले, आतलं काढलं, काठीवर पसरले. मग विचारलं, "रोज?"

"रोज नाही. सूप कढत असलं की आपोआप यायचे. नसले की मी."

तिने सुरी खाली ठेवली. मला वाटलं, आता मारेल. तिने मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती हात पुसत बसली, एकेक बोट पुसत.

मग मी खोपटातलं सगळं सांगितलं. जूनपासूनचं. तो तोक्योला निघाला नव्हता, राग उतरला होता, घरीच येणार होता. आईने मध्ये एकदाही अडवलं नाही. मला भ्रम झाला असेल, असंही म्हणाली नाही.

"कुठल्या कपड्यात होता?"

"निळ्या जॅकेटमध्ये. ठिगळाच्या."

"ओलं होतं?"

"हो. बाहीतून पाणी गळत होतं."

"मग बाही पिळून दिलीस का त्याची?"

मी म्हटलं, "नाही."

"एवढी घोडी झालीस, तेवढंही सुचलं नाही," आई म्हणाली. आणि बाहीत तोंड लपवून आत गेली. तिचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. एप्रिलपासून ती पहिल्यांदा रडत होती आणि मी आत जाऊ शकत नव्हते. मी उरलेले माकुळ चिरले. बोटही कापून घेतलं.

आज सावलीचं ताट मांडलं नाही.

६ ऑगस्ट. वारा.

खांब उभा राहिला.

काकाने देवदाराचं सरळसोट झाड तोडून आणलं आणि सोलून गुळगुळीत केलं. टोकाला पानांचा शेंडा तसाच ठेवला. चार खलाशी आले होते. आईने पेटीतून बाबांच्या खोक्याचं पांढरं कापड काढलं, तेरा वर्षं घडी करून ठेवलेलं. पुरुषाचं निशाण पांढरं असतं. तिने रात्रभर बसून त्याला दुमड घातली, टाका इतका बारीक की दिसत नाही.

खांब उचलताना काका ओरडला, "सरळ आहे का बघ गं, मित्सु. तिरका झाला तर पोरगं शेजारच्यांकडे जेवायला जाईल." सगळे हसले, आणि मग आपण हसलो म्हणून ओशाळले. आई म्हणाली, "हसा की. त्याला आवडायचं."

बिनबुडाच्या ओगराळ्याचं मी काकाला सांगितलं. तो म्हणाला, "माहीत आहे. माझ्या होडीतला खिळाही हलला तरी मला कळतं." नवं करून टांगलंय म्हणाला.

खांब इतका उंच आहे की खाडीच्या टोकावरूनही दिसत असणार.

१३ ऑगस्ट. सकाळी धुकं, नंतर निवळलं.

आज पितर घरी येतात. धुकं होतं म्हणून मी सकाळीच खोपटात गेले. कोणाला सांगितलं नाही. जाळ्यांच्या ढिगामागे कोणी नव्हतं. मी हाक मारली. ढीग हलवून पाहिला. मग तिथेच बसून राहिले, धुकं निवळून समुद्र दिसायला लागला तोवर. एरवी मी धुकं जाऊ नये म्हणून देवाला विनवायचे. आज विनवायचंही सुचलं नाही.

संध्याकाळी दारात वाळल्या काटक्यांचा जाळ केला. खांबावर कंदील चढवला. पितरांच्या देव्हाऱ्यापुढे चटई अंथरून आईने ताट मांडलं, या वेळी दादाच्या नावाने, मेलेल्याच्या. बोनच्या ताटात मासा चालत नाही. आईने भाजलेला मासा ठेवला. काकाने पाहिलं, तोंड उघडलं, आणि मिटून कंदिलाची दोरी ओढायला बाहेर गेला.

आईने मला विचारलं, "गेली होतीस ना सकाळी?"

"हो."

"दिसला?"

"नाही."

"मग आला घरी," ती म्हणाली. "सरक जरा. त्याला जागा कर."

मी सरकले. आईच्या आणि माझ्या मध्ये एका माणसाची जागा झाली. त्या जागेकडे मी खूप वेळ टक लावून पाहिलं. डोळे बारीक करून पाहिलं. चटई होती, बसायची उशी होती, दुसरं काही नव्हतं. तो घरी आला आणि मला दिसेनासा झाला. हे असंच व्हायचं असतं, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी ते ओगराळं नेलं असतं की नाही, माहीत नाही. मला तो खोपटातला दादा हवा होता. ओला, गारठलेला, पण माझ्याशी बोलणारा. हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही.

आईचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिने मासा आपल्याकडे ओढला आणि काड्यांनी एकेक काटा काढून बाजूला ठेवायला लागली, लहान मुलाला देतात तसा. "सावकाश खा," ती म्हणाली. "कोणी घाई केलेली नाही."